वही बघायला मागा



मी तीस वर्षं दारोदार फिरले. रोजगार हमीच्या मस्टरसाठी, किमान मजुरीसाठी आणि निवडणुकीतल्या पैशाचा हिशेब लोकांसमोर यावा म्हणून. त्यातली एक ओसरी मला विसरता येत नाही.

2004 चा एप्रिल होता. आदल्या वर्षी 13 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, देणी आणि गुन्हे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला होता. त्यानंतरची ही पहिली लोकसभा निवडणूक. उमेदवारांच्या शपथपत्रांच्या झेरॉक्स घेऊन आम्ही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर गेलो. माणसं नुकतीच कारखान्यांवरून परतली होती, पालांचं सामान अजून अंगणातच पडलेलं. मी जमीन, गाड्या, सोनं सगळं वाचून दाखवलं. एक आजी शेंगा निवडत ऐकत होत्या.

"ह्ये त्येच्या घरातलं झालं," त्या म्हणाल्या. "पर ह्या जीपा फिरत्यात, जेवणावळी उठत्यात, त्येला पैका कुणी दिला?"

ते शपथपत्रात नव्हतं. मी सांगितलं, उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. वीस हजारांपर्यंत देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावं लागत नाही. आजींचे हात थांबले. "म्हंजी त्यानं बी उचल घेतली. मग त्यो राबणार मुकादमासाठीच की."

त्या घराचीही उचल होती, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली. किती फिटली, किती उरली, ते मुकादमाच्या वहीत; आणि ती वही त्यांना कधी बघायला मिळाली नव्हती.

2018 मध्ये निवडणूक रोखे आले तेव्हा मला आजीच आठवल्या. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे, आवडत्या पक्षाला द्यायचे आणि देणाऱ्याचं नाव मतदाराला कळू द्यायचं नाही. त्याआधीच, 2017 मध्ये, कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती. पाच न्यायमूर्तींनी हे सगळं घटनाबाह्य ठरवलं ते 15 फेब्रुवारी 2024 ला. म्हणजे सहा वर्षं देणगीदारांची वही बंद होती, आणि त्या काळात एक लोकसभा निवडणूकही होऊन गेली.

आता आपल्या समाजकार्याच्या क्षेत्राबद्दल बोलते, कारण ही सल माझ्या मनात अजून आहे. मी एका संस्थेत होते. आमच्या पत्रकावर न्याय्य मजुरीची मागणी छापलेली असायची आणि ते पत्रक वाटणाऱ्या पोरींना किमान वेतनसुद्धा मिळत नव्हतं. संध्याकाळी एकच प्रश्न असायचा, किती घरं झाली? कुणी काय सांगितलं, हे कुणीही विचारलं नाही. ओसरीवर तासभर बसणारी मुलगी तिथे कामचुकार ठरायची. एका बैठकीत मी विचारलं, आपल्याला पैसे कोण देतं? विषय बदलला गेला. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

पक्षांच्या देणगीदारांची नावं मागायला आम्ही गावोगाव हिंडत होतो आणि आमच्याच देणगीदाराचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या आजींनी मला हे विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नसतं.

पदवीधरांनो, तुमच्यातले बरेच जण पुढच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या संस्थेत रुजू होतील. पहिल्याच आठवड्यात तिथली वही बघायला मागा.