तारीख आधी, तयारी नंतर

'कंपनीत तू नक्की करतोस काय?' असं घरी विचारलं की मी सांगतो, 'चौकशा'. कोड लिहिणारे वेगळे, सर्व्हर सांभाळणारे वेगळे, सही करणारे वेगळे. या सगळ्यांना 'तयार आहात का, आणि कशावरून?' हे विचारत फिरणं म्हणजे माझी नोकरी. ऐकायला किरकोळ वाटते. म्हणून ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण देतो.

ही बँक लॉइड्समधून वेगळी झाली, तरी कारभार लॉइड्सच्याच संगणकांवर, पैसे मोजून चालला होता. 2015 मध्ये स्पेनच्या सबाडेल बँकेने ती विकत घेतली. आपल्याच समूहातल्या साबिस कंपनीकडून नवी यंत्रणा बांधून घ्यायचं ठरलं. ग्राहक 50 लाखांहून जास्त. एप्रिल 2018 मधल्या एका शनिवार-रविवारी बहुतेक सगळं एकदम हलवलं.

आता गंमत बघा. माहिती नीट पोहोचली, पण यंत्रणेला भार पेलला नाही. ॲप, वेबसाइट, फोन, शाखा, सगळीकडे गोंधळ. सुमारे 19 लाख लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. काहींना तर दुसऱ्याचंच खातं दिसलं! घरभाडं, पगार, दुकानदारांची देणी अडकली. गोंधळाचा फायदा भामट्यांनीही घेतला. घडी बसायला डिसेंबर उजाडला.

पुढे चौकशी झाली. तिचा अहवाल मला आमच्या धंद्यातलं पाठ्यपुस्तकच वाटतो. शेवटची तारीख आधी ठरली आणि कामं मागे मागे येत तिच्यात कोंबली गेली. डेटा सेंटर दोन होती, भाराची चाचणी एकावरच झाली. साबिसने तयारीचं पत्र दिलं होतं. पण 'तयार आहोत' आणि 'तयार होऊ' यांत फरक असतो, आणि पत्रात होतं ते दुसरं. ते कोणी खोदून विचारलं नाही.

डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांवर दंड झाला. 2023 मध्ये तिच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना व्यक्तिशः 81,620 पौंड.

तुमच्यातले बरेच जण उद्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अशाच बैठकांत बसतील. पडद्यावर सगळे चौकोन हिरवे असतील. मी अशा वेळी एखाद्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून चाचणीचा निकाल मागतो. दोन मिनिटं कोणी बोलत नाही, मग चौकोन पिवळा होतो. बैठकीनंतर चहाला मला फारसं कोणी बोलवत नाही, हे खरं.

आता तुमचे प्रश्न घेतो.