साधं लग्न, भरला मांडव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला संगणक, एआय, नोकऱ्या असं काहीतरी बोलायला सांगितलं होतं. त्यावर जेवताना कुणीही विचारा, सांगेन. पण आज सकाळपासून चहाजवळ जे कानावर पडतंय, ते वेगळंच आहे. "यंदा पोरीचं उरकायचंय." "बस्ता जालन्याला बांधला की संभाजीनगरला?" "लॉन्सवाल्यानं किती सांगितले?" आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलींची लग्नं बारावीच्या आतबाहेर झाली. त्यांच्या लेकी आज पदवीला आहेत. पुढच्या पाच-सात वर्षांत इथं बसलेल्या कितीतरी घरांत कार्य आहे. म्हणून मी लग्नावर बोलणार आहे.

पहिल्यांदा हिशेब. हसनाबादसारख्या गावात लग्नाला तीन लाख कमी पडले की ते कुठून येतात, हे आपल्याला माहीत आहे. खासगीत शेकडा तीन रुपये महिन्याने तीन लाख काढले, तर महिन्याचं व्याज नऊ हजार, वर्षाचं एक लाख आठ हजार. मुद्दल तसंच उभं. एक वर्ष कापसाला भाव मिळाला नाही, की पुढच्या वर्षी बांधाकडची अर्धी एकर जाते. एका दुपारच्या कार्यक्रमासाठी.

हुंड्याला 1961 च्या कायद्याने बंदी आहे. आता उघड कुणी मागत नाही. आता म्हणतात, "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." माझ्या मते हाच आजचा हुंडा आहे. रक्कम मुलीच्या बापाकडूनच जाते, फक्त ती मांडववाल्याच्या, डीजेवाल्याच्या आणि फोटोवाल्याच्या खिशात जाते. मुलीच्या हातात त्यातलं काहीच उरत नाही.

मग साधं लग्न करायचं म्हणजे नेमकं काय कमी करायचं? शहरात याचं उत्तर सोपं असतं: माणसं कमी करा. पन्नास जणांना बोलवा, चांगलं जेवण द्या, संपलं. गावात ते चालत नाही. ते आम्ही करून पाहिलंय, मर्जीने नव्हे, सरकारी आदेशाने.

एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारचा आदेश निघाला. लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, जास्तीत जास्त 25 माणसांत; मोडला तर 50 हजार दंड. माझ्या चुलत बहिणीचं लग्न त्याच मे महिन्यात झालं. दोन्हीकडचे मिळून 25. खर्च इतका कमी झाला की काकांनी उरलेल्या पैशांत विहिरीवरची मोटार बदलली. पण आमच्या गल्लीतल्या एका आजी अजून म्हणतात, "बाई, तुमच्या पोरीच्या लग्नाचा घास काही आमच्या तोंडात पडला नाही." त्यांना बुंदी खायची नव्हती. त्या मुलीला त्यांनी लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायचा त्यांचा हक्क होता.

आपल्याकडे चूलबंद आवतन म्हणतात. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. आज आपण त्यांना जेवू घालतो, कारण काल त्यांनी आपल्याला घातलेलं असतं. ही परतफेड तोडून केलेलं लग्न स्वस्त होतं, पण घर एकटं पडतं. म्हणून गावात कमी करायचा तो देखावा. माणसं ठेवायची.

हे जमतं का? गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या लग्नात आम्ही जमवून पाहिलं. दोन्ही घरं मिळून काय ठरवलं, ते सांगते.

तारीख डिसेंबरची धरली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे विहिरी तळ गाठतात, टँकर लागतो आणि चाळीस डिग्रीत म्हातारी माणसं मांडवात बसतात. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं. मांडव शेतातच घातला.

वेळ अकराची आणि लग्न अकरालाच. साडेबाराचं लग्न अडीचला लागणं आपण नेहमीचं समजतो. पाचशे माणसं दोन तास ताटकळली, तर हजार तास झाले. आठ तासांचा रोज धरला, तर सव्वाशे दिवसांची मजुरी आपण उन्हात बसवून वाया घालवतो. यातला बराच वेळ सत्कारात आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या भाषणांत जातो. आम्ही माईकवरून नावं पुकारायचीच नाहीत, असं ठरवलं. पुढारी आले, सगळ्यांसोबत बसले, जेवून गेले. कुणीही रागावलं नाही.

टोपी-टॉवेलचा आहेर बंद. आपल्या घरातले ते टॉवेल तुम्हालाही माहीत आहेत. त्यांनी आजवर कुणाचं अंग पुसलेलं नाही, ते फक्त एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतात.

अक्षतांना तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या. पाचशे माणसांनी पंचवीस-पंचवीस ग्रॅम तांदूळ उधळला, तरी साडेबारा किलो पायदळी जातो.

जेवण पंगतीचं: वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. एकच गोड. वाढायला गल्लीतली पोरं. पंगतीत वाढणारा विचारून वाढतो, त्यामुळे उष्टं फार कमी पडलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खर्च निम्मा-निम्मा. हे ठरवायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. थोरले मामा दोन दिवस बोलले नाहीत. "लोक काय म्हणतील? मुलाकडच्यांची ऐपत नाही म्हणतील." शेवटी त्यांनाच सांगितलं, मामा, तुम्ही मांडवाच्या दारात उभे राहा, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून आत घ्या. ते उभे राहिले. संध्याकाळी म्हणाले, "इतक्या लग्नांत पहिल्यांदाच मी सगळ्यांना भेटलो."

मंगलाष्टकं झाल्यावर नवरा-नवरी दोघंही दोन-दोन मिनिटं बोलले. नवरी म्हणाली, नर्सिंगचं शेवटचं वर्ष मी पूर्ण करणार आहे, ते इथं सगळ्यांसमोर सांगून ठेवते. सगळ्या गावाने ते ऐकलं. आता ते मोडणं कुणाला सोपं नाही.

हे नवीन फॅड आहे असं कुणाला वाटत असेल, तर जरा मागे जाऊ. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. भटजी नाही, हुंडा नाही, फार खर्च नाही. जोतीरावांनी पुढे 1887 मध्ये या पद्धतीच्या पूजाविधीचं पुस्तक काढलं. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती स्त्रियांच्या हक्काचं विचारते आणि तो वचन देतो. म्हणजे नवरीने मांडवात बोलण्याला आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांची परंपरा आहे. डीजे त्या मानाने कालचा.

आता थोडं कायद्याचं, कारण यात घोटाळे होतात. हिंदू विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न धरलं जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, असंही त्याच निकालात सुनावलं. ज्यांना विधी नकोत, त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवस आधी नोटीस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. राज्य सरकारची शुभमंगल योजनाही आहे. सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तर पात्र कुटुंबाला पूर्वी 10 हजार मिळत, आता 25 हजार मिळतात. अटी महिला व बाल विकास कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी एक विनंती. घरात कार्य ठरलं की बस्त्याला जायच्या आधी एक संध्याकाळ दोन्ही घरांनी एकत्र बसावं. वही घ्यावी. कोण यायलाच हवं? कोणत्या गोष्टी निव्वळ दिसण्यासाठी आहेत? कर्ज न काढता किती होतं? आणि चौथं, ज्यांचं लग्न आहे त्या दोघांना काय हवं? हा चौथा प्रश्न मुलीला तिच्या तोंडून उत्तर देता येईल असा विचारावा.

आणि आपल्या बॅचसाठी एक प्रस्ताव मांडते. साधं लग्न अडतं ते "लोक काय म्हणतील" इथं. ते लोक म्हणजे आपणच. तेव्हा आपल्यापैकी ज्याच्या घरी कर्ज न काढता, साधं लग्न असेल, तिथं आपण सगळ्यांनी सकाळीच जायचं, कमरेला रुमाल बांधायचा आणि पंगतीत वाढायला उभं राहायचं. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनीसुद्धा. ज्यांना मान्य असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. पहिलं नाव मी लिहिलेलं आहे.