हजेरीपटाबाहेरची माणसे



व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही शाळेत थोडे आणि हमालांच्या टोळीत बरेच शिकलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये, एवढी प्रारंभीच विनंती.

14 एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण 1944 सालच्या त्याच तारखेला, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जे घडले ते आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टायकिन’ नावाची बोट दोन दिवसांपूर्वीच कराचीहून आली होती. तिच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी! कापूस आतल्या आत कसा धुमसतो, हे मोंढ्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. दुपारी धूर दिसला, बंब धावले. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, भोवतालची वस्ती पेटली. युद्धकाळ म्हणून सरकारने बातमी दाबून ठेवली. आपल्या वर्तमानपत्रांना ती छापायला मे महिना उजाडला.

त्या आगीत बंबखात्याचे 66 जवान कामी आले. भायखळ्याला त्यांचे स्मारक आहे, आणि त्यांच्या आठवणीसाठीच देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. एके वर्षी आम्ही हमालांची काही मुले मुंबई पाहायला नेली, तेव्हा ते स्मारकही दाखवले. एक पोरगा सहज म्हणाला, “हे बंबवाल्यांचे झाले. बोटीवर माल उतरवणाऱ्यांचे कुठे आहे?” एवढी वर्षे भाषणे केली, पण त्या पोराला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

उत्तर शोधू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या स्फोटातील मृतांचा आकडा कुठे सातशे-आठशे सांगतात, कुठे तेराशेच्या घरात. असे का व्हावे? जवानाचे नाव खात्याच्या दप्तरात असते, म्हणून 66 म्हणजे 66. गोदीतला मजूर त्या काळी रोजंदारीचा. मुकादमाने सकाळी बोट दाखवले की काम, नाही तर घरची वाट. ज्याचे नाव जिवंतपणी कागदावर नाही, त्याला मेल्यावर मोजायचे कोणी? गावाकडची म्हातारी वाट पाहत राहणार, आणि इतिहासात त्याची नोंद ‘इतर’ अशी व्हायची!

ती गोदीसुद्धा आज उरलेली नाही; भराव टाकून बुजवली. मग मुलांना दाखवायचे काय? आमचे म्हणणे असे की, जागा बुजली तरी प्रश्न बुजत नाही. शिक्षक बंधूंनी मुलांना कुठल्याही स्मारकापुढे उभे करावे आणि तीन गोष्टी विचारायला शिकवावे. इथे कोण मेले? त्यांची मोजणी कोणी केली? कोण मोजायचे राहिले? सनावळ्या पाठ करण्यापेक्षा एवढे आले तरी मुलगा शहाणा झाला असे आम्ही समजू.

आणि हा धडा मुंबईपुरता नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 साली गोदी कामगारांची नोंदणी करणारा कायदा झाला. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मजुरीइतकेच मोल त्या नोंदवहीला आहे. आम्ही नोंदणीसाठी हट्ट धरतो तेव्हा काही हमालबंधूच म्हणतात, “साहेब, कागदाने पोट भरते का?” नाही भरत. पण थप्पी अंगावर कोसळली, तर हा माणूस इथे कामाला होता एवढे तो कागदच सांगतो.

तेव्हा येत्या 14 एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीहून परतताना मुलांना ही हकिगत सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांना मोंढ्यात न्या. पाठीवर पोते घेतलेल्या पहिल्याच माणसाला त्याचे नाव विचारायला सांगा; आणि ते नाव कुठल्या वहीत लिहिले आहे, हेही विचारू द्या. लिहिलेले नसेल, तर आम्हाला येऊन सांगा. आपण सारे मिळून ते लिहून घेऊ.