स्वतंत्र ॲप-निर्मिती : घरातून चालणारी पेढी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्या व्यवसायाविषयी बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. संगणकावर आणि मोबाईलवर चालणारी सॉफ्टवेअर, म्हणजेच ॲप, मी स्वतः तयार करून विकतो. नोकरी करीत नाही. परिचय मेळाव्यात अशा मुलाविषयी "घरीच संगणकावर काहीतरी करतो" असे सांगितले जाते आणि समोरचे पालक पुढचा प्रश्न विचारीत नाहीत. त्यांची काळजी अनाठायी नाही. म्हणूनच या व्यवसायाचे खरे स्वरूप आपल्यापुढे मांडावे, असा माझा प्रयत्न आहे.

आपल्याच शहरातील उदाहरण घेऊ. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले. शालेय शिक्षणानंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान सुरू केले. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्यांपैकी अनेकांचा बिघाड यंत्रात नसून फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसमध्ये असे. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारी सॉफ्टवेअर लिहिली. १९९५ मध्ये ती 'क्विक हील' या नावाने बाजारात आली. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

आपल्या दुकानांतून हिशेबासाठी वापरली जाणारी 'टॅली' अशीच जन्मली. १९८६ मध्ये बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनासारखी सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत यांनी ती लिहून दिली. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाची किंवा दुकानदाराची अडचण आधी डोळ्यांसमोर होती, माल नंतर तयार झाला. ही दृष्टी व्यापारी घरातल्या मुलाला लहानपणापासून गल्ल्यावर बसून मिळालेली असते. या व्यवसायात ती पदवीइतकीच उपयोगी पडते.

काटकर बंधूंच्या काळी माल गावोगावच्या विक्रेत्यांपर्यंत पोहोचवावा लागे. जुलै २००८ मध्ये ॲपलने आपले ॲप स्टोअर उघडले, त्याच वर्षी गूगलचा बाजारही सुरू झाला आणि हे चित्र पालटले. गूगलकडे एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरले, की कोथरूडच्या दोन खोल्यांतून जगभर विक्री करता येते. मात्र हा गाळा भाड्याचा आहे, याचा विसर पडू नये. आरंभी बाजाराचे मालक विक्रीवर ३० टक्के घेत. २०२१ मध्ये छोट्या विक्रेत्यांसाठी दोघांनीही हा दर १५ टक्क्यांवर आणला. म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीतले ८५ हाती येतात आणि कर त्यातून भरायचा असतो. नियम बाजाराचे मालक ठरवतात, ते बदलले की आपल्याला बदलावे लागते आणि त्यांनी ॲप काढून टाकले तर दुकान त्याच क्षणी बंद होते.

शिवाय एकदा केलेला माल कायमचा टिकत नाही. मोबाईलची मूळ प्रणाली दरवर्षी नवी येते आणि त्यानुसार आपले ॲप दुरुस्त करावेच लागते. कारागीर, विक्रेता, हिशेबनीस आणि तक्रार ऐकणारा असा सर्व भार एकाच माणसावर असतो. दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाचा दिवस आपल्या मध्यरात्री सुरू होतो. मिळकत एका महिन्यात भरघोस, तर पुढच्या महिन्यात निम्मी, असे नेहमीच घडते. आजारपणात काम थांबते, गिऱ्हाइकांचे प्रश्न थांबत नाहीत.

म्हणून युवकांना माझी विनंती आहे की, वर्षभराचा घरखर्च शिल्लक पडल्याशिवाय नोकरी सोडू नये आणि कर्ज काढून आरंभ करू नये. आधी एका माणसाची एक अडचण पुरती सोडवावी. गिऱ्हाइकांशी थेट संबंध ठेवावा, म्हणजे बाजार बदलला तरी पेढी उभी राहते. त्यांची माहिती मात्र कामापुरतीच घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला. गरजेपेक्षा अधिक जवळ बाळगू नये, ही शिकवण आपल्या घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

पालकांना इतकेच सांगावेसे वाटते की, मुलाला नोकरी नाही म्हणून त्याला नाकारू नका आणि परदेशातून पैसे येतात एवढ्यावरून होकारही देऊ नका. नव्या दुकानाची चौकशी जशी करता, तशीच करा. गिऱ्हाईक कोण, ते पुन्हा येते काय, तीन वर्षांचा हिशेब कसा आहे, देणे किती, हे विचारा. ज्याची पेढी खरी आहे, तो आनंदाने वही उघडून दाखवील. आपल्यातील अनुभवी व्यापाऱ्यांनी अशा मुलांना हिशेब, करभरणा आणि उधारीची शिस्त शिकवली, तर ज्ञानाची जोड असूनही केवळ व्यवहार न कळल्यामुळे बुडणारे अनेक जण वाचतील.