निर्बंध उठवण्याचे पाच स्तर

कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागल्यावर महाराष्ट्राने ७ जून २०२१ पासून जिल्ह्यांसाठी निर्बंधांचे पाच स्तर ठरवले. निकष दोन होते: चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. बाधित ५ टक्क्यांहून कमी आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील, तर पहिला स्तर. तिथे दुकाने, उपाहारगृहे नेहमीप्रमाणे सुरू. बाधित २० टक्क्यांवर गेले किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा भरल्या की पाचवा, सर्वांत कडक. आढावा दर आठवड्याला. यांत खाटांचा निकष अधिक भरवशाचा, कारण चाचण्या कमी-जास्त झाल्या की टक्केवारी फसवी ठरते. विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या धास्तीने २५ जूनला मात्र सारे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले आणि बाधितांच्या प्रमाणासाठी फक्त आरटी-पीसीआर चाचण्या धरण्याचे ठरले.