मांजराचं तोंड आणि वाळूमाशी

भुकेलं मांजर ताटलीपाशी येतं, घास तोंडात घेतं आणि ओरडून मागे सरतं. लाळ गळते, तोंडाला दुर्गंधी येते, हिरड्यांपासून घशापर्यंत सगळं लालभडक. तोंड आलेल्या मांजरात डॉक्टर आधी दात पाहतात, कॅलिसीव्हायरससारख्या विषाणूंचा विचार करतात, आणि बहुतेकदा कारण तिथेच सापडतं. पण दक्षिण युरोपात, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगालमध्ये, याच्या मुळाशी कधीकधी लीशमानिया इन्फान्टम हा एकपेशीय परजीवी असतो.

तो पसरवते वाळूमाशी. जेमतेम २-३ मिलिमीटरची, आवाज न करता अंधार पडल्यावर चावणारी. आपल्याकडे चांदीपुरा विषाणू वाळूमाशीच पसरवते आणि बिहारमधला काळा आजारही. त्याचा परजीवी याच कुळातला, लीशमानिया डोनोव्हानी.

दक्षिण युरोपात कुत्र्यांमधला लीशमानिया इन्फान्टमचा आजार सर्वांना ठाऊक आहे, मांजराचा मात्र चटकन ध्यानात येत नाही. खरं तर १९१२ सालीच अल्जीयर्समध्ये मांजराच्या एका पिल्लात तो सापडला होता. त्याच घरातला कुत्रा आणि लहान मूलही या आजाराने ग्रस्त होते. पुष्कळ मांजरं संसर्ग होऊनही धडधाकट दिसतात. प्रतिकारशक्ती ढासळली, उदाहरणार्थ एफआयव्ही विषाणूमुळे, की हा परजीवी डोकं वर काढतो. कातडीवर गाठी आणि जखमा, डोळ्यांत दाह, वजनात घट, आणि तोंडात न भरणारे व्रण.

मला काळजी वाटते ती तोंडातली सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची. सूज उतरते, मांजर खाऊ लागतं, घरच्यांना हायसं वाटतं. पण प्रतिकारशक्ती दबल्याने आतल्या परजीवीला मोकळं रान मिळतं. म्हणून दक्षिण युरोपातल्या देशांतून मांजर घेऊन परतलेल्या मराठी कुटुंबांना माझी कळकळीची विनंती: ते कुठे राहिलं होतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याआधी किंवा सगळे दात काढण्याआधी रक्ताची आणि व्रणातल्या पेशींची तपासणी, शक्य असेल तर पीसीआर, करून घ्या. निदान झालं तर अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक महिने द्यावं लागतं. बरीच मांजरं सुधारतात, पण परजीवी शरीरात उरू शकतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

तिथे राहणाऱ्यांनी वाळूमाशीपासून बचाव करायलाच हवा, पण कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो. फ्लुमेथ्रिन असलेला, मांजरांसाठीच बनवलेला गळपट्टा मिळतो; तो डॉक्टरांना विचारून घाला.