स्वागताध्यक्षांचे भाषण : साधनांची वर्णने आणि खातेदाराचा भरवसा



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हिशेबनीस, दलाल, संगणकाचे जाणकार आणि भाषेचे अभ्यासक यांची ही परिषद सांगलीत भरली आहे. शेअर बाजाराच्या खात्यांवर काम करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांसाठी साधनांची वर्णने कशी लिहावीत, हा आपला विषय प्रथमदर्शनी मुंबईच्या दलाल स्ट्रीटला शोभणारा वाटेल. परंतु शब्दाचा अर्थ निश्चित करण्यात ज्यांनी आपली हयात वेचली, अशी माणसे ज्या परिसरात होऊन गेली, त्या परिसराचा या विषयावर पहिला अधिकार आहे, अशी माझी दृढ धारणा आहे. साताऱ्याजवळच्या वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होत असता त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. परिभाषासंग्रह मात्र त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता. आधी शब्दांचे अर्थ ठरले आणि मग खंड निघाला, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

एजंट खातेदाराचे खाते स्वतः पाहत नाही. एक साधन त्याला शिल्लक शेअर सांगते, दुसरे आजचे सौदे, तिसरे मार्जिन. आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणते साधन उचलावे, हे तो प्रत्येक साधनासोबत लिहिलेल्या चार-दोन ओळींवरून ठरवतो. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एजंटाला अशी साधने जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, झेरोदा या दलाली कंपनीने २०२५ मध्ये आपल्या काइट या सौदेप्रणालीवरील खाती त्या मार्गाने जोडण्याची सोय केली, आणि पाहता पाहता हा प्रश्न आपल्या गावच्या पेढीपर्यंत येऊन ठेपला.

येथून जवळच हरिपूर आहे. तेथील जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत असत, ती पेवे २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली, हे आपण जाणताच. पेवाचे तोंड एकदा लिंपून घेतले की आत पोती किती, कोणाची आणि कोणत्या प्रतीची, हे सांगणारी गोष्ट एकच उरे : वहीतील नोंद. त्या नोंदीत हयगय झाली असती, तर अंधारातल्या त्या मालाची मालकी कोणी शाबीत केली असती? एजंटाच्या दृष्टीने खातेदाराचे खाते हे असेच लिंपलेले पेव आहे, आणि आपण लिहिलेले वर्णन ही त्यावरील नोंद आहे.

एक प्रसंग सांगतो, तो माझ्या स्वतःच्या पेढीतला आहे. ‘होल्डिंग’ नावाच्या साधनाचे वर्णन आम्ही ‘खात्यातील शेअर दाखवते’ एवढेच लिहिले होते. एका निवृत्त शिक्षकांपाशी एका कंपनीचे साठ शेअर होते. त्यांनी सकाळी आणखी चाळीस घेतले आणि दुपारी एजंटाला विचारले, ‘माझ्याकडे किती आहेत?’ उत्तर आले, साठ. सौदा झालाच नाही असे समजून गुरुजींनी पुन्हा चाळीस घेतले. वस्तुतः आज घेतलेले शेअर त्या दिवशी ‘पोझिशन’मध्ये दिसतात आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅट खात्यात जमा होतात, २७ जानेवारी २०२३ पासून हा नियम सर्व शेअरांना लागू आहे. आमच्या कारकुनाला हे तोंडपाठ होते. एजंटाला ते कोणीच सांगितले नव्हते. त्या रात्री बसून आम्ही वर्णन असे लिहिले : ‘कालपर्यंत खरेदी केलेले शेअर दाखवते. आजची खरेदी यात येत नाही; तिच्यासाठी पोझिशन हे साधन वापरावे. एकूण किती असे विचारल्यास दोन्ही पाहून उत्तर द्यावे. हे साधन केवळ वाचते, सौदा करत नाही.’ चार वाक्ये. पण ती आधी लिहिली असती, तर गुरुजींची रक्कम अडकून पडली नसती, याची रुखरुख मला आजही आहे.

परिमाणांची बाबही अशीच. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचा भाव क्विंटलला बोलला जातो आणि एक लॉट असतो पाच टनांचा. ‘दहा घे’ असे व्यापाऱ्याने म्हटले, आणि संख्येच्या रकान्यापुढे परिमाण लिहिलेले नसले, तर दहा क्विंटल अपेक्षित असता दहा लॉट, म्हणजे पाचशे क्विंटल, अंगावर पडतील. आडत्याचा मुनीम अशा वेळी मान वर करून ‘दहा काय, शेठ?’ असे विचारतो. एजंटानेही तसे विचारावे अशी इच्छा असेल, तर तेही वर्णनात लिहावे लागते.

आणि अधिकाराविषयी तर मी आग्रहाने बोलेन. मुखत्यारपत्रात काय करावे याच्याबरोबर काय करू नये हेही लिहिण्याची आपली जुनी चाल आहे. वाचणारे साधन आणि विकणारे साधन यांची नावे सारखी, वर्णने मोघम, आणि खातेदाराची मंजुरी कोठे घ्यावी याचा उल्लेखच नाही, असे दस्तऐवज मी पाहिले आहेत. आयुष्याची पुंजी अशा मोघमपणाच्या हवाली करण्याचा आपल्याला काय अधिकार?

 दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या एका साधनाचे वर्णन मराठीत लिहावे आणि शेअर बाजाराशी ज्याचा काडीचा संबंध नाही, अशा एखाद्या स्वयंसेवकाला ते वाचून दाखवावे. तो जेथे अडेल, तेथे ते दुरुस्त करावे, अशी माझी विनंती आहे.